कर्जाचं उत्पन्न

अण्णांना फोनवर ऊसबिलाचं विचारलं की किती आलं ते ते आधी सांगत नाहीत. सोसायटीनं किती कापलं ते सांगतात. वाळवा तालुक्यातलं आमचं गाव, दीड एकर ऊस. विकास सोसायटीची उचल घ्यायची, कारखान्याचं बिल आलं की त्यातून ती परस्पर वळती व्हायची, मार्चअखेरीला नवं-जुनं करायचं. माझ्या जन्माआधीपासून हे असंच चाललंय. उचल घरात आली त्या दिवशी आमच्याकडे कधी गोडधोड झाल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी अण्णा गप्प असत आणि आई खताच्या दुकानाचा हिशेब मांडत बसे.

डी.एड.ला असताना मला दर वर्षी उत्पन्नाचा दाखला लागायचा. तलाठ्याकडे जायचं, मग तहसील कचेरीत. शेतीचं उत्पन्न किती, आणखी काही मिळकत आहे का, असं विचारत. सोसायटीची उचल त्या दाखल्यात कुणी लिहिली नाही, लिहायला सांगितलीही नाही. कर्ज म्हणजे कमाई नव्हे, हे तलाठ्याला समजावून सांगायची पाळी आमच्यावर आली नव्हती.

२० ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी इंग्लंडमधल्या स्विंडन गावात, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, हा दाखला मला आठवला.

मी २०१३ मध्ये नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले. पुढे कायम राहायची परवानगी मिळाली, २०१६ मध्ये लेक झाली. २०२१ मध्ये आम्ही वेगळे झालो. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. तेव्हा मी एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट होते. पगार बेताचा, वर युनिव्हर्सल क्रेडिटची जोड. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे इथल्या कमी उत्पन्नाच्या घरांना दर महिन्याला मिळणारी सरकारी मदत. त्यात माणसाचा एक ठरलेला भाग, मुलाचा एक भाग आणि घरभाड्याचा एक भाग असतो. वर्गात मुलांसोबत मी दिवसभर असायची, पण शिकवायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. डी.एड. इथे कामाचं नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तीन वर्षांची पदवी कर, तुझ्यात शिक्षिका आहे. मी छत्तीस वर्षांची होते. अर्ज केला.

इथे पूर्णवेळ शिकणाऱ्याला सहसा युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. ज्याच्यावर मुलाची जबाबदारी आहे त्याला मात्र मिळतं. हे मी आधी नीट वाचून घेतलं होतं. न वाचलेलं होतं ते पुढचं.

स्टुडंट फायनान्स या इथल्या सरकारी व्यवस्थेकडून विद्यार्थ्याला दोन कर्जं मिळतात. एक फीचं. तेव्हा वर्षाला ९,२५० पौंड, ते परस्पर विद्यापीठाला जातं, आपल्या हाताला लागतच नाही, म्हणून मदतीच्या हिशेबातही येत नाही. दुसरं राहण्या-खाण्याचं, त्याला मेंटेनन्स लोन म्हणतात. ते तीन हप्त्यांत येतं: टर्म सुरू होताना, मग जानेवारीत, मग एप्रिलमध्ये. सप्टेंबरअखेरीस पहिला हप्ता खात्यात आला. एवढी रक्कम मी माझ्या एकटीच्या खात्यात कधी एकदम पाहिली नव्हती. एक जुना लॅपटॉप घेतला. रेल्वेचा पास काढला. लेकीचा आदल्या वर्षीचा कोट मनगटाच्या वर आला होता, तो बदलला. भाड्याचं थोडं थकलेलं होतं ते चुकतं केलं. युनिव्हर्सल क्रेडिट येतंय तसं येत राहील आणि त्याच्या वर हे, अशी माझी समजूत होती.

२० तारखेला स्टेटमेंट उघडलं. माझा भाग ३६८.७४. लेकीचा भाग ३१५. दोन्ही मिळून ६८३.७४, आणि भाड्याचं वेगळं. खाली ‘वजावट’ या सदरात एक ओळ नवीन होती, विद्यार्थी म्हणून मिळणारं उत्पन्न. समजायला सोपं जावं म्हणून कर्जाचे आकडे जरा गोल करून सांगते. वर्षभराच्या कर्जातले धरायचे ६,३०० पौंड. मदतीचा हिशेब ज्या एकेका महिन्याचा होतो त्याला असेसमेंट पिरियड म्हणतात. कोर्सच्या वर्षात माझे असे नऊ पडत होते, म्हणजे महिन्याला ७००. त्यातले ११० सोडायचे. उरले ५९०. ते सगळेच्या सगळे वजा. ६८३.७४ मधून ५९० गेले, ९३ पौंड ७४ पेन्स राहिले. भाडं सुटत होतं. बाकी महिना या त्र्याण्णव पौंडांत, मिळाली तर शाळेतली एखाद-दुसरी पाळी, आणि जो हप्ता मी निम्म्याहून जास्त खर्चून बसले होते त्यात.

मी ती ओळ परत परत वाचली. इंग्रजीतला ‘इन्कम’ हा शब्द मला डी.एड.च्या दाखल्यापासून ठाऊक आहे. कर्जाला तो शब्द लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या आठवड्यात मी एक वही केली. लेकीच्या चित्रकलेच्या वहीतली मागची कोरी पानं. डावीकडे असेसमेंट पिरियडच्या तारखा: १४ सप्टेंबर ते १३ ऑक्टोबर, १४ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर, अशा वर्षभराच्या. मधे त्या महिन्यात किती येणार. उजवीकडे कर्जाचा हप्ता कधी, आणि तो किती महिने पुरवायचा. कर्ज येतं तीन वेळा आणि मदतीतून कापलं जातं नऊ वेळा, सगळी ओढाताण यातच आहे. ऑक्टोबरात हातात पैसा असतो आणि डिसेंबरात नसतो, पण कापणं मात्र दोन्ही महिन्यांत सारखंच. पाकिटं करून ठेवायची माझ्या आईची पद्धत मी तेव्हा उचलली. तिच्या धान्याच्या डब्यात पाकिटं असत. माझी बँकेच्या ॲपमध्ये आहेत: ‘नोव्हेंबर’, ‘डिसेंबर’, ‘लाइट’. लेकीने वहीत प्रत्येक महिन्यापुढे एक चित्र काढून दिलं. डिसेंबरपुढे मेणबत्ती आहे. ती तिने नाताळची काढली होती. आमच्या घरात तेव्हा विजेचा मीटर आधी पैसे भरायचा होता, त्यामुळे मला ती वेगळीच वाटत राहिली.

हे नियम बारकाईने वाचायला मला बरेच महिने लागले. काही गोष्टी चांगल्याही आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत, कारण त्या न कळल्यामुळे आया शिकायचंच सोडून देतात. मदत मिळण्यास पात्र असलेल्या विद्यार्थ्याला कर्जाचा एक जादा हिस्सा मिळतो. तो पुस्तकं, प्रवास अशा खर्चासाठी धरलेला असतो आणि युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मोजत नाहीत. मूल असलेल्या विद्यार्थ्याला पेरेंट्स लर्निंग अलाउन्स मिळतो. तो परत करायचा नसतो आणि मोजलाही जात नाही. मुलाला सांभाळायला ठेवण्याच्या खर्चासाठी चाइल्डकेअर ग्रँट आहे, खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत, ठरावीक मर्यादेत. ती घेतली तर तोच खर्च युनिव्हर्सल क्रेडिटमधून मागता येत नाही, दोन्हींतलं एक निवडायचं. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलामागे मिळणारी सरकारी रक्कम, वेगळं चालू राहतं, त्याला हात लागत नाही.

पण मुख्य कर्ज पौंडाला पौंड कापतात. आणि इथे मला जे खुपतं ते लिहिते. मी शनिवार-रविवार काम करून पैसे मिळवले असते तर त्या वर्षी पहिले ३७९ पौंड त्यांनी सोडले असते आणि पुढच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले असते. कमावलेल्या पौंडातले पंचेचाळीस पेन्स माझे. उसन्या पौंडातलं त्या ११० च्या पलीकडे काहीच माझं नाही. जो पैसा माझा आहे त्याला सवलत, आणि जो मला व्याजासकट परत करायचा आहे तो मात्र पूर्ण माझा म्हणून धरायचा. ते ११० पौंडही युनिव्हर्सल क्रेडिट सुरू झालं त्या २०१३ पासून ११० च आहेत. तेव्हाची भाजी आणि आताची भाजी यांत किती फरक पडला, ते या देशात स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही विचारा.

कर्ज घेतलंच नाही तर? हा विचार मी केला होता. अण्णांनीही सुचवलं, “नको घेऊ बाळ, मदतीवर भागव, कर्जाची सवय लागते.” पण नियम असा की जे कर्ज तुम्हाला मिळू शकतं ते तुम्ही घेतलं आहे असंच धरायचं. अर्ज करा न करा, वजावट तेवढीच. माझ्या वर्गात एक मुस्लिम आई होती, दोन मुलांची. व्याजाचं कर्ज तिच्या धर्मात बसत नाही, म्हणून तिने ते घेतलं नाही. न घेतलेल्या कर्जाचे पैसे तिच्या मुलांच्या मदतीतून वजा झाले. दुसऱ्या टर्मला ती दिसली नाही. मी तिला दोनदा मेसेज केला. दुसऱ्याला उत्तर आलं, एका केअर होममध्ये रात्रपाळी धरली होती.

सरकारची बाजू मला कळत नाही असं नाही. मेंटेनन्स लोन राहण्या-खाण्यासाठीच आहे आणि युनिव्हर्सल क्रेडिटही राहण्या-खाण्यासाठीच. एकाच पोटासाठी दोन ताटं का वाढायची, असं कर भरणारा माणूस विचारणार. मी स्वतः कर भरलाय, पुढेही भरणार आहे, मलाही हा प्रश्न पडतो. पण ही दोन ताटं सारखी नाहीत. एक वाढलेलं आहे आणि एक उसनं आणलेलं. घरात उसनं आलंय म्हणून वाढलेलं काढून घेतलं, तर त्या मुलाचं जेवण उसनवारीवर गेलं.

माझ्याच बाबतीत हिशेब करून पाहा. महिन्याला ५९०, नऊ महिने: ५,३१०. शेवटच्या वर्षी कर्ज थोडं कमी मिळतं, तरी तीन वर्षांत पंधरा हजार पौंडांच्या आसपास जातं. मी घरी बसून राहिले असते आणि शिकले नसते तर लेकीसाठी आणि माझ्यासाठी हे पंधरा हजार मदत म्हणून मिळाले असते, परत द्यायचे नसते. मी शिकायला गेले म्हणून तेवढेच पैसे माझ्या नावावर कर्ज झाले. खाल्लं तेवढंच, ताटही तेच. फक्त आता त्याची नोंद माझ्या खात्यावर आहे.

आणि हे पूर्वीपासून असंच होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये २०१६ पर्यंत कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना परत न करायची मेंटेनन्स ग्रँट मिळायची. ती नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली आणि तिच्या जागी जास्तीचं कर्ज आलं. मुलांसाठीची मदत तेव्हा चाइल्ड टॅक्स क्रेडिटमधून यायची, आणि त्या पद्धतीत विद्यार्थ्याचं कर्ज उत्पन्नात धरतच नसत. वर्गातल्या एका इंग्रज मैत्रिणीची मोठी बहीण त्या काळात दोन मुलं सांभाळून शिकली. कर्ज कर्जाच्या जागी, मुलांची मदत मुलांच्या जागी. धाकटीला आईच्या घरी, त्याच स्वयंपाकघरात बसून, तोच कोर्स करायचा होता आणि तिला हिशेब लागेना. बहीण सांगायची, “अगं, मला तर काहीच कापलं नव्हतं.” त्यावरून दोघींचं भांडणही झालं. टॅक्स क्रेडिट ५ एप्रिल २०२५ ला कायमचं संपलं. म्हणजे कर्जाला कर्ज म्हणणारी पद्धत याच देशात अगदी काल-परवापर्यंत चालू होती.

उन्हाळ्याचं वेगळंच. मोठी सुट्टी लागली की कर्ज मोजणं थांबतं. जूनमधल्या पिरियडपासून माझा आणि लेकीचा भाग पुन्हा पूर्ण दिसू लागतात. पण एप्रिलनंतर हप्ताही येत नाही, आणि सुट्टीत वर्क कोच, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटच्या कचेरीतला माणूस, काम शोधायला सांगतो. टर्म चालू असताना ती अट नसते. शाळा बंद, लेक घरी, मला दोन महिन्यांपुरतं काम कोण देणार? पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या घरातली ताई मदतीला आली.

स्विंडनमध्ये गोव्याची माणसं खूप आहेत. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली, बरीचशी गोदामांत काम करणारी. ही ताई सासष्टीची. तिची कोकणी आणि माझी सांगलीची मराठी यांच्यात पहिले सहा महिने धडपड झाली, मग सगळं कळायला लागलं. तिने मला तिच्या गोदामात संध्याकाळच्या पाळ्या मिळवून दिल्या. ती सकाळपाळी करून यायची आणि माझी लेक तिच्याकडे जेवायची. त्या उन्हाळ्यात लेक कोकणीत मोजायला शिकली. चाइल्डकेअर ग्रँटच्या कुठल्याही टक्क्यात हे बसत नाही.

गावाकडून फोन येतात. मावसभावाच्या सुनेने मध्ये विचारलं, “ताई, तिकडे शिकायला आलं की सरकार बाळाचं बघतं ना?” तिला मी स्पष्ट सांगितलं आणि इथेही सांगते, कारण व्हॉट्सॲपवर भलतंच फिरत असतं. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला यातलं काहीही मिळत नाही. सार्वजनिक मदत घेता येणार नाही, अशी त्या व्हिसाची अटच असते. इथलं स्टुडंट फायनान्सही मिळत नाही. आणि जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या साध्या मास्टर्स कोर्ससाठी नवरा-बायको किंवा मूल सोबत आणता येत नाही, संशोधनाच्या कोर्सचं तेवढं वेगळं. मी जे लिहितेय ते इथे स्थायिक झालेल्या आईचं आहे. तिलाही हे असं आहे.

मागच्या वसंतात लेकीला घेऊन मी वाँटेजला गेले. आमच्यापासून फार लांब नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये तिथे सेंट मेरी द व्हर्जिनच्या सिस्टर्सकडे येऊन राहिल्या होत्या. विधवा बाई, पंचविशीची, सोबत दोन वर्षांची मनोरमा. पुस्तक लिहून विकलं आणि त्या पैशांतून प्रवासाची सोय केली. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानाने साथ दिली नाही. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या स्वतः शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवलं. शाळेत असताना त्यांचं चरित्र मी धड्यासारखं वाचलं होतं. तेव्हा एक गोष्ट डोक्यात आलीच नव्हती: ही बाई वर्गात बसली असताना ते मूल कुणाजवळ होतं? त्याचा खर्च कोण करत होतं? वाँटेजच्या बाजारचौकात मी लेकीला सांगितलं, तुझ्यापेक्षा लहान मुलगी होती ती, आईबरोबर बोटीने आली होती. ती म्हणाली, “मग आई अभ्यास करताना ती काय करायची?” नऊ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न लगेच पडला.

कर्ज फेडायचं कसं, ते अण्णांना मी समजावून सांगितलं. माझा कोर्स २०२३ मध्ये सुरू झाला, त्यामुळे नियम नवे. वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जो पगार असेल त्याच्या ९ टक्के कापतात. चाळीस वर्षांनी जे उरेल ते माफ. शिक्षिकेचा इथला सुरुवातीचा पगार २०२५-२६ साली ३२,९१६, म्हणजे वर्षाला सातशे बारा पौंड, महिन्याला साठाच्या आत. ते पगारातून परस्पर जातात, हातात येतच नाहीत. अण्णा म्हणाले, “म्हणजे ऊसबिलासारखंच की.” मी म्हटलं, “हो, अगदी तसंच.” मग त्यांनी चाळीस वर्षं मोजली असावीत. थोडा वेळ बोलले नाहीत. माझं कर्ज माफ होईल तेव्हा मी ऐंशीची असेन.

“पण मग ते तुला उत्पन्न म्हणून कसं काय लावलं?” त्यांनी विचारलं. तीन वर्षांत त्यांनी हे मला अनेकदा विचारलंय. सोसायटीच्या सचिवालाही त्यांनी एकदा ही गोष्ट सांगितली. सचिव म्हणाला, असं इथे केलं तर लोक कचेरी पेटवतील.

गेल्या आठवड्यात रात्री नऊला शेजारची ताई आली. पाळीचा नारिंगी जॅकेट तसाच अंगात. तिला नर्सिंगचा कोर्स करायचा आहे, मुलगा पाच वर्षांचा आहे, नवरा नाही. फोनवर विद्यापीठाचं पान उघडून तिने माझ्यापुढे धरलं. “म्हाका जमतलें गो?” तिने विचारलं.

मी लगेच हो म्हटलं नाही. वही काढली. मागची कोरी पानं संपत आली होती. एक पान तिच्यासाठी फाडलं. लेक अजून झोपली नव्हती, तिने पट्टी आणून उभ्या तीन रेघा मारून दिल्या.

“आधी सांग,” मी म्हटलं, “तुझा असेसमेंट पिरियड कितव्या तारखेला सुरू होतो?”